माश्यांचे मॅक्रो फोटो: डोळे पांढरे का पडतात आणि माशी नेमकी कधी उडते

प्रश्न थोडक्यात असा: एपीएस-सी (फुल-फ्रेमपेक्षा लहान) सेन्सरचा कॅमेरा आहे, १०० मिमीची १:१ मॅक्रो लेन्स आहे, वर साधा स्पीडलाइट, म्हणजे कॅमेऱ्यावर बसणारा फ्लॅश आहे. माशी फ्रेममध्ये लहान येते, डोळ्यांवर पांढरे ठिपके पडतात, एफ २२ (अॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेडाचं छिद्र, अगदी बारीक) ठेवूनही फोटो मऊ येतो आणि जवळ गेलं की माशी उडते. आता पुढची लेन्स कोणती घ्यावी?

सध्या कोणतीच नको. चार तक्रारींपैकी फक्त पहिली लेन्सची आहे. बाकीच्या उजेडाच्या, गणिताच्या आणि माशीच्या सवयींच्या आहेत, आणि त्यांतल्या उजेडावर केलेला खर्च सगळ्यात लवकर वसूल होतो.

आकाराचं आधी उरकून घेऊ. घरमाशी ६ ते ७ मिमी लांब असते. एपीएस-सी सेन्सर सुमारे २३ मिमी रुंद. १:१ म्हणजे माशी सेन्सरवर तेवढीच, ६-७ मिमीच पडणार. फ्रेमचा जेमतेम तीस टक्के भाग. पूर्ण माशी फ्रेमभर हवी तर २:१ ते ३:१ लागतं, नुसता चेहरा हवा तर ४:१ च्या पुढे जावं लागतं. २:१ साठी स्वस्तातला मार्ग म्हणजे रेनॉक्स डीसीआर-२५०. ही ८ डायॉप्टर ताकदीची (चष्म्याच्या नंबरासारखं माप) क्लिप-ऑन काच आहे, चिमट्याने लेन्सच्या तोंडावर बसते. तुमच्या १०० मिमी लेन्सचा फोकस १:१ वर ठेवून पुढे ही लावली की साधारण २:१ मिळतं. माशी आणि काच यांच्यात मात्र दहा सेंटीमीटरपेक्षा कमी जागा उरते. एक्स्टेन्शन ट्यूबचा (कॅमेरा आणि लेन्स यांच्यात बसणाऱ्या पोकळ नळीचा) १०० मिमीवर फारसा फायदा नाही. मॅग्निफिकेशनमधली वाढ ढोबळमानाने ट्यूबची लांबी भागिले फोकल लेंथ एवढी असते. ३६ मिमीची ट्यूब १०० मिमीवर ०.३६ ची भर घालते, ५० मिमीवर ०.७ ची. लाओवाची २५ मिमी, २.५ ते ५ पट देणारी लेन्स चांगली आहे, पण तिच्यात माशी चारेक सेंटीमीटरवर असते, अॅपर्चर हाताने बंद करावं लागतं आणि व्ह्यूफाइंडरमध्ये अंधार होतो. २:१ ला हात बसल्याशिवाय ती घेऊन पस्तावणारेच जास्त.

आता एफ २२. जवळच्या फोटोत अॅपर्चरचा लिहिलेला आकडा आणि खरा आकडा वेगळे असतात. खरा आकडा = लिहिलेला × (१ + मॅग्निफिकेशन). १:१ ला एफ ११ म्हणजे प्रत्यक्षात एफ २२, आणि तुमचा एफ २२ म्हणजे एफ ४४. तिथे डिफ्रॅक्शनने (बारीक छिद्रातून जाताना उजेड पसरल्याने) सगळेच बारीक केस पुसट होतात, फोकस कितीही अचूक असो. खरा आकडा २२ ते २५ च्या आसपास ठेवा, ३२ च्या पुढे जाऊ नका. म्हणजे १:१ ला एफ ११, थेट २:१ देणाऱ्या लेन्सला एफ ८, ३:१ ला एफ ५.६. रेनॉक्सच्या बाबतीत एक बारकावा आहे: हा गुणाकार मागच्या लेन्सच्या मॅग्निफिकेशनलाच लावायचा. १:१ वरची लेन्स अधिक रेनॉक्स मिळून २:१ होत असलं तरी एफ ११ चा खरा आकडा २२ च्या आसपासच राहतो, म्हणून रेनॉक्सला एफ ११ बिनधास्त वापरा. आणि निकॉनच्या मॅक्रो लेन्स कॅमेऱ्यावर खरा आकडाच दाखवतात, त्यामुळे निकॉनवाल्याने सांगितलेली सेटिंग कॅननवर जशीच्या तशी लावू नका.

या आकड्यांना डेप्थ, म्हणजे टोकदार येणारी खोली, किती मिळते? १:१, एफ ११ ला सुमारे ०.९ मिमी. २:१, एफ ८ ला पाव मिलिमीटर. ३:१, एफ ५.६ ला ०.१ मिमी. माशीचं डोकंच दोन मिलिमीटरच्या पुढे रुंद असतं. एका फोटोत सगळी माशी टोकदार येणार नाही हे मान्य करून फोकसची पातळी कुठे टाकायची ते ठरवायचं. समोरून काढत असाल तर डोळ्याच्या पुढच्या कडेवर. बाजूने काढत असाल तर डोळा, पंखाचं मूळ आणि पोटाची कड एका पातळीत येईल असा कॅमेरा सेन्सरसह वळवायचा. अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे वळल्याने जे साधतं ते एफ १६ केल्याने साधत नाही.

फोकस ऑटोवर ठेवू नका. रिंगवर मॅग्निफिकेशन ठरवून टाका आणि स्वतः मागेपुढे डुला. डाव्या हाताच्या दोन बोटांत फांदी किंवा गवताचं पातं धरा आणि त्याच हाताच्या तळव्यावर लेन्स टेकवा. वाऱ्याने पातं हललं तरी लेन्स त्याच्याबरोबर हलते. ट्रायपॉड बाहेर काढेपर्यंत माशी दुसऱ्या झाडावर गेलेली असते.

डोळ्यांवरच्या पांढऱ्या ठिपक्यांकडे वळू, कारण खरी मेख तिथे आहे. घरमाशीच्या एका डोळ्यात तीन हजारांहून जास्त बारीक भिंगं असतात, पण उजेडाच्या दृष्टीने पूर्ण डोळा हा एक फुगीर आरसा आहे. आरशात जे समोर आहे तेच दिसणार. समोर फ्लॅशचा उघडा, जळता चौकोन असेल तर डोळ्यात जळता चौकोन दिसणार. फ्लॅशची पॉवर कमी करून ठिपका जात नाही, फक्त बाकीची माशी काळी पडते. उपाय एकच: माशीला दिसणारा उजेडाचा पृष्ठभाग मोठा, जवळ आणि सगळीकडे सारखा उजळ असला पाहिजे. हिरव्या-निळ्या धातूसारख्या माश्यांच्या पाठीलाही हेच लागू आहे. त्यांचा रंग पृष्ठभागाच्या परावर्तनातून येतो, त्यामुळे वाईट उजेडात त्यांचा रंगच उडतो.

विकत मिळणारे छोटे टोपीसारखे डिफ्यूझर (फ्लॅशचा उजेड पसरवून मऊ करणारे पडदे) या कामाला अपुरे आहेत. घरी करा. स्टेशनरीच्या दुकानातली पांढरी, अर्धपारदर्शक प्लास्टिकची ए-४ फाइल घ्या. एका लांब कडेच्या मध्यावर लेन्सच्या मापाचा अर्धगोल कापा आणि ती कड लेन्सच्या तोंडाशी वेल्क्रोने बसवा, म्हणजे कागद लेन्सच्या पुढे कमानीसारखा झुकतो आणि माशी त्या कमानीखाली येते. फ्लॅशच्या तोंडावर टीव्ही-फ्रिजच्या खोक्यात येणाऱ्या पांढऱ्या फोमची एक पातळ पट्टी लावा. फोम आणि बाहेरचा कागद यांच्यात तीन-चार सेंटीमीटर पोकळी हवीच. दोन्ही थर चिकटवून ठेवले तर मध्ये जळका पट्टा तसाच राहतो. बाजूंना आतून स्वयंपाकघरातली फॉइल लावली की वाया जाणारा उजेड पुढे येतो. तपासायला माशी लागत नाही. माशीच्या जागी स्टीलची गोळी किंवा चमच्याची पाठ ठेवून फोटो काढा. प्रतिबिंबात मध्ये उजळ आणि कडेला काळं असं दिसलं तर पोकळी वाढवा किंवा फोमचा आणखी एक थर घाला.

थर वाढवले की दुसरीकडे किंमत मोजावी लागते. स्पीडलाइट कमी पॉवरवर मंद होत नाही, कमी वेळ पेटतो. १/१६ पॉवरला तो साधारण १/८००० सेकंद किंवा त्याहून कमी वेळ पेटलेला असतो. हात, वारा, पंख सगळं गोठतं. १/२ किंवा पूर्ण पॉवरला तोच वेळ १/१००० सेकंदाच्या आसपास किंवा त्याहूनही लांबतो, फोटो हललेला येतो आणि पुढचा फ्लॅश भरायला दोन-तीन सेकंद जातात. म्हणून १/८ च्या वर जावं लागत असेल तर पॉवर वाढवू नका, आयएसओ ४०० करा. सुरुवातीची सेटिंग: मॅन्युअल, १/२००, आयएसओ २००, फ्लॅश १/१६. हाय-स्पीड सिंक (वेगवान शटरबरोबर फ्लॅश चालवण्याची सोय) बंद, कारण त्यात फ्लॅश लांबलचक पेटत राहतो आणि गोठवण्याचा गुण जातो. भर उन्हात आयएसओ १०० वर या, नाहीतर फ्लॅशच्या टोकदार प्रतिमेवर उन्हाची दुसरी पुसट प्रतिमा चढते. सावलीत उलट अडचण: मागचं सगळं काळं पडतं. माशीच्या मागे तीन ते पाच सेंटीमीटरवर एखादं पान येऊ द्या, त्यावर फ्लॅशचाच उजेड पोचतो. पंख दाखवायचे असतील तेव्हा मात्र काळी पार्श्वभूमी मुद्दाम ठेवा. माश्यांच्या पारदर्शक पंखांत पातळ पडद्यामुळे जांभळे-हिरवे-सोनेरी पट्टे तयार होतात. मागे उजेड असला की ते धुऊन जातात, मागे काळं आणि वरून मऊ उजेड असला की उमटतात.

टीटीएल, म्हणजे कॅमेऱ्यानेच फ्लॅशची पॉवर ठरवण्याची सोय, बंद ठेवायलाही कारण आहे. टीटीएलमध्ये मुख्य फ्लॅशच्या आधी एक बारीक चाचणी-फ्लॅश पडतो आणि मध्ये सेकंदाच्या काही शतांशांचा वेळ जातो. पावसाळ्यात केळीच्या, अळूच्या पानावर दिसणाऱ्या चकचकीत हिरव्या, लांब पायांच्या ४-६ मिमीच्या माश्या (कुळ डोलिकोपोडिडी) तेवढ्यात उडतात. फ्रेममध्ये नुसतं पान येतं आणि माणूस आपल्या हाताला दोष देतो.

माशी उडते का, याचं उत्तर तिच्या डोळ्यात आहे. घरमाशीला सेकंदाला दोनशेहून जास्त उघडझापी वेगळ्या कळतात, त्यामुळे आपली 'झटकन' हालचाल तिला सावकाश दिसते. पण अगदी हळू, न थांबता वाढणारा आकार तिला तेवढा भिववत नाही. घाबरवतात त्या तीन गोष्टी: अंगावर पडणारी सावली, आडवी हालचाल आणि पानाला बसलेला धक्का. ड्रोसोफिलावरच्या प्रयोगांत दिसलंय की धोका ज्या बाजूने येतो त्याच्या विरुद्ध दिशेला उडी बसावी म्हणून माशी आधी पाय आणि अंग सावरून घेते, उडी त्यानंतर. म्हणून पाय चोळत बसलेली माशी एकदम थबकली की तुम्हीही थबका. पुन्हा पाय चोळू लागली की पुढे सरका. पाय चोळणं ही तिची साफसफाई आहे; चव कळणारे केस तिच्या पायांवर असतात, ते ती सतत स्वच्छ ठेवते. खाताना, जोडी जमलेली असताना, अंडी घालताना आणि थंडीने गारठलेली असताना माशी सगळ्यात जास्त सोसते.

गारठण्याचा फायदा देशावर मिळतो. डिसेंबर-जानेवारीत नाशिक, पुणे, अहिल्यानगरकडे पहाटे पारा १०-१२ अंशांवर असतो, उडण्याचे स्नायू तापल्याशिवाय माशीला उडता येत नाही, आणि सूर्योदयापासून तास-दीड तास गवतावर दवाने भिजलेल्या माश्या जागच्या हलत नाहीत. पंचवीस-तीस फ्रेम्सचा स्टॅक (फोकस थोडा थोडा सरकवत घेऊन नंतर एकत्र जोडायचे फोटो) हाताने घ्यायची वेळ हीच. कोकणात आणि मुंबईत एवढी थंडी पडत नाही. तिथे आमिष वापरा: एक चमचा गूळ चार चमचे पाण्यात विरघळवून सावलीतल्या पानांवर ब्रशने अगदी पातळ फासा. थेंब राहू देऊ नका, माशीचे पाय चिकटतात आणि थेंबात फ्लॅश चमकतो. निसर्गात हेच काम मावा करतो. रुईवर पिवळा मावा पडला की खालच्या पानांवर चिकटा साचतो आणि त्यावर अर्ध्या तासात पाच-सहा जातींच्या माश्या येऊन जातात. त्याच मावा कॉलनीत नीट पाहिलं तर सिरफिड माशीची (फुलांवर घिरट्या घालणाऱ्या माशीची) चपटी, बिनपायाची अळी मावा तोंडात उचलून शोषताना सापडते. हा २:१ चा सोपा आणि दुर्लक्षित विषय आहे, अळी उडून जात नाही.

फ्रिजमध्ये ठेवून माशी सुस्त करायचा सल्ला सर्रास दिला जातो. तो घेऊ नका. दयामायेचा मुद्दा बाजूला ठेवला तरी फोटो खोटा दिसतो: पाय पोटाशी आखडलेले, सोंड लोंबलेली, आणि बाहेर काढल्यावर अंगभर वाफेचं बारीक पाणी. जाणकाराला पहिल्या नजरेत कळतं.

सराव कशावर करायचा? मोरीतल्या माशीवर. न्हाणीघराच्या टाइलवर बसणारी, पतंगासारखी केसाळ, करड्या रंगाची, पंखांच्या कडेला पांढरे ठिपके असलेली ती ३-५ मिमीची माशी म्हणजे क्लॉग्मिया अल्बिपंक्टाटा. तिच्या अळ्या नळीतल्या बुळबुळीत थरात वाढतात, आणि अंगावरच्या दाट केसांमुळे तिच्यावर पाणी टिकत नाही. दिवसा ती तासन्‌तास एका जागी बसते, म्हणून ३:१ चा स्टॅक शिकायला हिच्यासारखा विषय नाही. पांढऱ्या टाइलमुळे फोटो जास्तच उजळ येतो. फ्लॅश एक स्टॉप उतरवा, म्हणजे पॉवर निम्मी करा.

गच्चीवर कंपोस्टचा डबा असेल तर तिथे काळी, गांधीलमाशीसारखी दिसणारी हर्मेशिया इल्युसेन्स येते. मूळची अमेरिकेतली, आता भारतभर आहे. पोटाच्या मुळाशी दोन पारदर्शक खिडक्या असतात; बाजूने, किंचित मागून उजेड दिला तर त्या आरपार दिसतात. चावत नाही, डंख नाही.

दुपारी पानाच्या सावलीत बसून तोंडातून द्रवाचा फुगा बाहेर-आत करणारी हिरवी-निळी, विटकरी डोळ्यांची माशी दिसली तर ती बहुधा क्रायसोमाया मेगासेफाला. त्या थेंबातलं पाणी बाष्प होताना थेंब थंड होतो, तो आत ओढून माशी डोकं-छाती गार ठेवते, हे या जातीवर तपासलं गेलंय. फोटो पूर्ण बाजूने घ्या, डोळा आणि थेंब एका पातळीत ठेवा. या थेंबात तुमचा डिफ्यूझर अख्खा दिसतो, त्यामुळे त्याची खरी परीक्षा इथे होते. नर-मादी ओळखायला डोळ्यांमधली जागा पाहा: नराचे डोळे कपाळावर जवळजवळ भिडलेले, आणि वरची भिंगं खालच्यांपेक्षा ठळक मोठी. ३:१ ला ही सीमारेषा स्पष्ट येते.

गुरांना चावणाऱ्या डांसांच्या डोळ्यांवरचे हिरवे-तांबडे पट्टे भिंगांच्या पातळ थरांतल्या परावर्तनातून दिसतात, आणि माशी मेली, वाळली की जातात. संग्रहालयातल्या नमुन्यात ते नसतात. जिवंतपणी काढलेला फोटो इथे नोंद म्हणूनही मोलाचा ठरतो. रक्त पिणाऱ्या फक्त माद्या. नर फुलांवर सापडतात.

रॉबर फ्लाय ही शिकारी माशी ठरलेल्या काडीवरून झेप घेते आणि बहुतेक वेळा तिथेच परतते. ती गेली तरी तुम्ही हलू नका, काडीच्या टोकावर फोकस ठेवून थांबा. भक्ष्य धरून परतलेली रॉबर फ्लाय हातभर नव्हे, वीतभर अंतरापर्यंत येऊ देते. तोंडावरचा ताठ केसांचा झुबका धडपडणाऱ्या भक्ष्यापासून चेहरा वाचवतो. समोरून, डोळ्यांच्या पातळीवरून काढला तरच तो दिसतो.

आंब्याच्या बागेत फळमाशी काढायची तर लक्षात ठेवा, मिथाइल युजेनॉलच्या (नरांना ओढणाऱ्या वासाच्या रसायनाच्या) सापळ्याभोवती फक्त नर जमतात. अंडी घालायची टोकदार नळी दाखवायची असेल तर पाडाला आलेल्या फळावर बघा.

पावसाळ्यात गवताच्या टोकाला, पंख वर उचलून, सोंडेने चिकटलेली मेलेली माशी दिसते. पोटाच्या वळ्यांमध्ये पांढरे पट्टे असतात. हे एन्टोमोफ्थोरा बुरशीचं काम आहे. ती मरायच्या आधी माशीला उंचावर चढवते, मग बीजाणू खालच्या माश्यांवर उडतात. भोवतीच्या पानावर बीजाणूंचं पांढुरकं कडं पडलेलं असतं, तेही फ्रेममध्ये घ्या. हाताळू नका, कडं मोडतं.

स्टॅकबद्दल थोडंच. २:१ ला दोन फ्रेम्समधलं अंतर ०.१५ मिमीच्या आत हवं, म्हणजे पातळ्या एकमेकींवर चढतात. हाताने डुलत घेतलेल्या तीस फ्रेम्सपैकी आठ-दहा उपयोगी निघतात, तेवढ्या पुरतात. जोडायला हेलिकॉन फोकस किंवा झीरीन स्टॅकर ही दोन्ही सॉफ्टवेअर चालतात. शृंगिका (माशीच्या डोक्यावरची मिशी) दुहेरी आली तर ती मध्येच हलली होती. ती फ्रेम काढून पुन्हा जोडा, रिटचिंगमध्ये तास घालवू नका. एकमेकांवरून जाणाऱ्या केसांभोवती धुरकट कडा आल्या तर झीरीनमधली पीमॅक्स पद्धत वापरा.

आणि ओळख पटवायची असेल तर सुंदर चेहऱ्याचा एक फोटो पुरत नाही. चार लागतात: वरून पूर्ण माशी, पंखाच्या शिरा स्पष्ट दिसतील असा एक, छातीची बाजू केसांसकट, आणि चेहरा बाजूने. पाठीवर चार काळे पट्टे असतील तर घरमाशी, तीन असून पोटावर बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन असतील तर मांसमाशी. गोठ्यातली चावणारी स्टोमॉक्सिस वरून घरमाशीसारखीच दिसते. ती बाजूच्या फोटोतच ओळखू येते, कारण घरमाशीची सोंड मऊ असते, खाली वळते आणि टोकाला पसरते, तर स्टोमॉक्सिसची काळी, कडक आणि सरळ पुढे आलेली असते. गुरांच्या पुढच्या पायांवर गुडघ्याखाली, डोकं वर करून बसलेली असते. तिथे कॅमेरा जमिनीलगत धरून बाजूचा फोटो आधी काढा, कारण गाय पाय आपटते.